दोघी जावांच्या सहली

खिडकीची जागा मिळाली म्हणून मी खुशीत होते. पिशवी मांडीवर घेतली आणि सहज दाराकडं बघितलं, तर माझ्या मोठ्या जाऊबाई हातातल्या तिकिटावरचा नंबर सीटांवरच्या नंबरांशी ताडत एकेक रांग मागं येत होत्या. माझ्यापाशी येऊन थांबल्या. तिकीट पुन्हा बघितलं. त्यांची जागा माझ्या शेजारची होती.

"आक्का, तुम्ही?"

"तू?"

एवढंच बोलून त्या बसल्या. दुसरीकडं जावं तर बस भरलेली. पावसाळ्यात दर रविवारी बेळगावच्या स्टँडवरून ही धबधब्यांची बस सुटते. सकाळी निघायचं, हिडकल धरणाची बाग, मग गोडचिनमलकी, मग गोकाकचा धबधबा, आणि दिवेलागणीला परत. सरकारी बस असल्यामुळं साध्या माणसालाही परवडते. एकट्या बाईनं बुकिंग केलं, तर खिडकीवरचा माणूस तिला दुसऱ्या एकट्या बाईशेजारी बसवतो. त्या रविवारी बसमध्ये एकट्या अशा आम्ही दोघीच होतो.

आम्ही एकाच घरात दिलेल्या सुना. वडगावात आमचं घर आणि घरात सासऱ्यांचा हातमाग. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा आक्का दाराशी भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यानंतर पुष्कळ वर्षं आम्ही एकाच चुलीवर स्वयंपाक केला. मी शाळेत नोकरी करायची, म्हणून सकाळच्या भाकरी त्यांच्याकडं आणि संध्याकाळच्या माझ्याकडं, असा न ठरवता ठरलेला नेम होता. आप्पा गेले आणि वाटणी झाली. वाटणीत भांडण झालं नाही. भांडण झालं ते मागावरून. मोठ्या दिरांनी, म्हणजे ह्यांच्या अण्णांनी, पिरनवाडीला दोन खोल्यांचं घर बांधलं, त्यात माग मावत नव्हता. आमच्या वाट्याला वडगावचं घर आलं, पण मुलगी मोठी झालेली, तिला अभ्यासाला जागा नव्हती, आणि माग अख्खी पुढची खोली अडवून बसलेला. दीर म्हणाले, आप्पांचा माग हलवायचा नाही. आमचे हे म्हणाले, मग तू घेऊन जा. शेवटी एक दिवस मागाचं लाकूड सुटं करून विकलं. दीर त्या दिवसापासून आमच्या घरी आले नाहीत. नवरे बोलेनात म्हटल्यावर आम्हीही बोलेनाशा झालो. लग्नाकार्यात समोर आलो की "बरं हाय न्हवं?" "बरं हाय" एवढंच. सात-आठ वर्षं अशी गेली.

आणि आता या बसमध्ये आमच्या दोघींचे कोपर एकमेकांना लागत होते.

काकती गाव मागं पडलं तरी कुणी बोललं नाही. खिडकीवर पावसाचे थेंब तिरके धावत होते. मग आक्कांनी पिशवीतून डबा काढला, शेंगाच्या पोळीचा तुकडा मोडला, आणि माझ्याकडं न बघता माझ्या हातावर ठेवला. त्यांच्या हातची शेंगाची पोळी म्हणजे काय, हे मला ठाऊक. कडा खुसखुशीत, आत गुळाचा बारीक कण दाताखाली यावा अशी. मी खाल्ली.

"अण्णांनी सोडलं व्हय एकटीला?" मी विचारलं.

"देवाला चालले म्हणून सांगितलंय."

"कुठल्या देवाला?"

"गोकाकच्या धबधब्यापाशी महादेव हाय की. खोटं कुठं बोलले?"

मला हसू फुटलं. त्याही पदर तोंडावर घेऊन हसल्या. पुढच्या सीटवरच्या मुलीनं मागं वळून बघितलं.

"आणि तू गं? मास्तरीणबाई? तू तर किती वेळा बघितलास गोकाकचा धबधबा."

"एकदाबी न्हाय बघितला, आक्का."

खरं तेच होतं. माझी सगळी नोकरी मराठी शाळेत झाली. सहल म्हटली की गोकाक ठरलेलं, आणि सहलीबरोबर मी ठरलेली. पण मी तिथं कायम धबधब्याकडं पाठ करून उभी राहिले. मुलं पाणी बघायची आणि मी मुलांची डोकी मोजायची. कुणी कठड्याजवळ गेलं की हाक मारून मागं बोलवायची. पाण्याचा आवाज तेवढा पाठीमागं ऐकू यायचा. निवृत्त झाल्यावर ठरवलं, एकदा तरी त्याच्याकडं तोंड करून उभं राहायचं. ह्यांना म्हटलं, चला. तर म्हणाले, "पाणी वरनं खाली पडतंय. त्यात बघायचं काय?" म्हणून एकटी निघाले होते.

हिडकलच्या बागेत सगळे बाक ओले होते. लोक छत्र्या मिटून फोटो काढत होते. धरणाच्या पाण्यावर ढग उतरलेले, पलीकडचा काठ दिसत नव्हता. आम्ही दोघी थोडं अंतर ठेवून फिरलो. एकत्र फिरावं की नाही, ते अजून कळत नव्हतं.

गोडचिनमलकीला बस वरच थांबते. तिथून रानातून पायवाटेनं खाली उतरायचं. वनखात्याच्या फाटकावर तिकीट घेतात, पिशव्या उघडून प्लास्टिक बघतात, आणि एक गार्ड प्रत्येकाला कानडीत बजावतो की पाण्यात उतरू नका. वाट निसरडी होती. झाडांच्या मुळ्या पायऱ्यांसारख्या बाहेर आलेल्या. अर्ध्या वाटेत आक्कांच्या चपलेचा अंगठा तुटला. त्या एका पायावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तू हो पुढं. मी बसते हितं."

सहलींनी मला एक सवय लावली आहे. माझ्या पिशवीत कायम सुतळी, पिना, तापाच्या गोळ्या आणि लिंबाच्या गोळ्या असतात. मी सुतळी काढली, वाटेतच गुडघ्यावर बसले आणि त्यांच्या पावलाला चप्पल बांधू लागले.

"उठ गं. भर रानात पाया पडालीस व्हय?"

"पाया पडत न्हाय. सुतळी बांधालेय."

"एकच हाय ते," त्या म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावर हात टेकवून तोल सावरला. गाठ मारून झाली तरी हात काही वेळ तिथंच होता.

धबधब्यासमोर खडकांवर बसायला जागा आहे. मार्कंडेय नदी तिथं दोन टप्प्यांत पडते. पाणी मातीच्या रंगाचं, आणि आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. आम्ही एका मोठ्या दगडावर टॉवेल अंथरून बसलो. तुषारांनी चेहरा ओला होत होता. आक्का बराच वेळ टक लावून बघत राहिल्या. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "जन्मभर पाणी म्हणजे भरायचं. नळ आला का बघायचं, घागरी मांडायच्या, शेजारणीशी भांडायचं. हे नुसतं बघायचं पाणी आज बघितलं."

वडगावात नळाला पाणी काही रोज येत नाही. आम्ही दोघींनी त्या गल्लीत किती घागरी वाहिल्या असतील. मला एकदम वाटलं, आता बोलून टाकावं. मी म्हटलं, "आक्का, त्या मागाचं..."

त्यांनी हातानंच थांबवलं. "आज नको. आज हेच बघू."

बसचा हॉर्न वरून ऐकू आला तेव्हा सगळ्यात शेवटी आम्ही उठलो. गोकाकला पोचलो तर पाऊस उघडला होता. मी कठड्याला धरून अगदी समोर उभी राहिले, पोटभर बघितलं. लालसर पाण्याची ती प्रचंड भिंत खाली कोसळत होती आणि वरून पोपटांचा एक थवा आरडत गेला. माझ्यामागं कुठल्या तरी शाळेच्या बाई "लायनीत उभे राहा रे" म्हणून ओरडत होत्या. मी वळून बघितलं नाही. आक्कांनी महादेवाचं दर्शन घेतलं, भाजलेलं कणीस अर्धं मला दिलं, आणि दुकानातून करदंट, म्हणजे गोकाकची ती डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, घेतलं.

"हे कशाला?"

"देवाला गेल्यावर घरात परसाद न्यायला नको?"

बेळगावच्या स्टँडवर उतरलो तेव्हा त्यांनी विचारलं, "फोन नंबर तोच न्हवं तुझा?" मी म्हटलं, तोच. त्या पिरनवाडीच्या बसकडं गेल्या आणि मी वडगावच्या.

घरी आल्यावर मी ह्यांना आक्का भेटल्याचं सांगितलं. ते पेपर वाचत होते. "बरी हाय?" म्हणाले. "बरी हाय," म्हटलं. थोड्या वेळानं त्यांनी पेपर न हलवताच विचारलं, "अण्णा?" मी म्हटलं, "त्यांचं काय बोलणं झालं न्हाय." ह्यांनी पान उलटलं.

फोन आला तो थेट थंडीत. बेळगावची थंडी अंगाला बोचत नाही, पण सकाळी उन्हात बसून राहावंसं वाटतं, अशी. आक्का म्हणाल्या, "माझी शेवंती फुललीय. बघायला ये." मी गेले. दीर उद्यमबागेत फौंड्रीत कामाला गेले होते, म्हणूनच बोलावलं असणार. पिरनवाडीच्या त्या दोन खोल्यांच्या घराला गच्ची आहे, आणि गच्चीभर रंगाच्या रिकाम्या बादल्या. बादल्यांतून झेंडू, मोगरा, तुळस, कढीपत्ता. आणि एका मोठ्या बादलीत पिवळी शेवंती, पान दिसू नये इतकी फुललेली.

"आक्का, ही प्रदर्शनाला नेऊ या."

कॅम्पातल्या सरकारी बागेत दरवर्षी थंडीत फुलांचं प्रदर्शन भरतं. बागायत खात्याचे लोक फुलांचे मोर, फुलांचे धबधबे, भोपळ्यातून कोरलेले गणपती करतात. त्यातच घरी झाडं लावणाऱ्यांसाठी एक मंडप असतो. कुणीही आपली कुंडी आदल्या दिवशी नेऊन ठेवावी.

"ही काय कुंडी हाय? रंगाची बादली हाय ही."

"फुलं बघतील का बादली?"

शेवटी त्या तयार झाल्या. रिक्षा करू म्हटलं तर आक्का म्हणाल्या, बस फुकट असताना रिक्षा कशाला. आपल्याकडं कर्नाटकात सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट पडत नाही. आधारकार्ड दाखवलं की शून्याचं तिकीट मिळतं. ही सवलत आल्यापासून बसमध्ये बायकाच बायका. कुणी माहेरी चालली, कुणी भाजी स्वस्त म्हणून पार पलीकडच्या बाजाराला. आम्ही दोघींनी दोन बाजूंनी कडी धरून बादली स्टॉपवर आणली. बस आली. चढवताना ड्रायव्हरनं मान वळवून बघितलं, पण काही बोलला नाही. एका कॉलेजच्या मुलीनं उठून जागा दिली आणि आम्ही शेवंतीला आमच्या दोघींच्या मधे बसवलं. अख्ख्या बसला वास सुटला.

कंडक्टर आला. आमची कार्डं बघितली, शून्याची तिकिटं फाडली. मग बादलीकडं बोट केलं.

"याचं लगेज पडतंय, अव्वा."

आक्कांना ते पटेना. "आमी दोघी फुकट आणि झाडाला तिकीट? झाडबी बाईच हाय की. शेवंती हाय."

सगळी बस हसली. कंडक्टर चांगला होता. तोही हसला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "आधारकार्ड दाखवा तिचं." मग नियम तो नियम म्हणून त्यानं लगेजचं तिकीट फाडलं, आणि आक्कांनी ते दुमडून बादलीतल्या मातीत खोचलं. उतरताना एका बाईनं शेवंतीचं एक फूल मागितलं. आक्का म्हणाल्या, "आज न्हाय. आज तिची परीक्षा हाय."

मंडपातल्या साहेबांनी बादली बघून तोंड वाकडं केलं नाही. फक्त कानडीत म्हणाले की भोवती काही तरी गुंडाळा. आक्कांच्या पिशवीत ओटीत आलेला एक लाल खण होता. तो आम्ही बादलीला नेसवला आणि माझ्या पिशवीतल्या पिना लावल्या. साहेबांनी एक पांढरं कार्ड काढलं आणि नाव विचारलं. आक्कांनी सवयीनं दिरांचं नाव सांगितलं. साहेब म्हणाले, "अवर हेसरु अल्ल. निम्म हेसरु." म्हणजे त्यांचं नको, तुमचं नाव सांगा. आक्का माझ्याकडं बघू लागल्या. मग हळू आवाजात त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. आमच्या घरात ते नाव कुणी उच्चारत नाही. सासू 'थोरली' म्हणायची, मी आक्का म्हणते, मुलगा आई म्हणतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रदर्शन बघायला गेलो. लोकांची गर्दी, पोरं फुलांच्या मोरापुढं फोटोला उभी. आक्कांना मोराचं काही नव्हतं. त्या सरळ घरगुती झाडांच्या मंडपात गेल्या आणि आपल्या शेवंतीपुढं उभ्या राहिल्या. फुलांपेक्षा जास्त त्या कार्डाकडं बघत होत्या. कानडीत आणि इंग्रजीत, टाइप केलेलं, त्यांचं एकटीचं नाव.

"वाच की," त्या म्हणाल्या.

मी वाचलं.

"इंग्रजीतलंबी वाच."

तेही वाचलं. येणारेजाणारे थांबत होते, फोन काढून शेवंतीचा फोटो घेत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, खत काय घालता. आक्कांनी त्यांना चहाच्या चोथ्यापासून शेणखतापर्यंत सगळं सांगितलं. बक्षीस एका बंगल्यातल्या डेलियाला मिळालं. डेलिया खरोखरच ताटाएवढा होता, त्याबद्दल आमची तक्रार नव्हती. बागेतल्या गवतावर बसून आम्ही धपाटे आणि दही खाल्लं. आक्का चपला काढून गवतात पाय पसरून बसल्या होत्या, अशा मी त्यांना कधी बघितल्या नव्हत्या. मीही पाय पसरले.

"आता उन्हाळ्यात काय असतंय गं?" त्यांनी विचारलं.

"भूतरामनहट्टीला प्राणिसंग्रहालय हाय. उन्हाळ्यात जनावरांवर पाणी मारतात, कलिंगडं घालतात. बघायला मजा येते म्हणतात."

"वाघ हाय?"

"हाय."

त्यांनी दह्याचा डबा झाकून पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "ह्या दोघांना न्यायचं का?"

ह्या दोघांना म्हणजे आमच्या नवऱ्यांना. मी घाबरले. पण बेत त्यांनीच रचला आणि त्यात मला फारसं काही करायला ठेवलं नाही. आपापला नवरा आपापल्या बसनं आणायचा, दुसरा येणार आहे हे सांगायचं नाही. फाटकाशी गाठ पडली की पुढचं देव बघेल. मोठे दीर आता फौंड्रीतून निवृत्त झाले होते, आणि डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं होतं, त्यामुळं आक्कांचं काम सोपं. माझ्या नवऱ्याला मात्र मला वाघाची आशा दाखवावी लागली. पाण्याबद्दल त्यांचं मत काही असो, वाघाबद्दल तसं नव्हतं.

एका सकाळी, ऊन चढायला लागलं तेव्हा आम्ही हायवेवर उतरलो आणि आत चालत गेलो. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत आणि मधेच लाल फुललेला गुलमोहर. फाटकाजवळच्या झाडाखाली आक्का आणि दीर आधीच येऊन बसले होते. दिरांच्या डोक्यावर पांढरी टोपी, हातात काठी. काठी नवीन होती. ह्यांनी त्यांना लांबूनच ओळखलं आणि चालता चालता थांबले. माझ्याकडं बघितलं. परत फिरतात की काय, असं वाटलं.

दीर उठून उभे राहिले.

"आलास?" ते म्हणाले.

"व्हय."

"ऊन लई हाय."

"व्हय की."

दोघंही जमिनीकडं बघत होते. आक्का पिशवीत काही तरी शोधण्याचं नाटक करत होत्या.

"तिकीट काढलंस?"

"अजून न्हाय."

"थांब मग. मी काढतो."

आणि दीर काठी टेकत खिडकीपाशी गेले आणि चौघांची तिकिटं घेऊन आले. आमचे हे लहानपणी जत्रेला, सिनेमाला जायचे तेव्हाही तिकीट अण्णाच काढायचे, हे मी पुष्कळदा ऐकलं होतं. ह्यांनी आपलं तिकीट हातात घेतलं आणि उगाच पुढून-मागून निरखलं.

आत गेल्यावर पुरुष पुढं आणि आम्ही मागं चालत राहिलो. हरणांच्या आवारात कलिंगडाच्या फोडी टाकल्या होत्या. हरणं मान वाकडी करून खात होती आणि त्यांच्या हनुवटीवरून लाल रस गळत होता. कोल्हा झाडाच्या मुळाशी धाप टाकत पडलेला. पक्ष्यांच्या जाळीवर फवारा चालू होता आणि मोर त्याखाली पिसं झाडत होता. पुढच्या दोघांचं बोलणं आम्हाला तुकड्या-तुकड्यानं ऐकू येत होतं. गुडघे. पेन्शन. मुलगा बंगळुरात काय करतो. मुलीचं पुण्यात कसं चाललंय. दोन ओळखीचे लोक स्टँडवर भेटल्यासारखं. आक्का माझा हात दाबून म्हणाल्या, "चालू दे, चालू दे."

वाघ बघायला जाळी लावलेल्या गाडीतून नेतात. गाडीत आम्ही चौघं आणि एक नवं लग्न झालेलं जोडपं. ड्रायव्हरनं गाडी हळू करत एका झाडाखाली आणली आणि बोट दाखवलं. वाघ सावलीत उताणा झोपला होता, पोट वर, आणि पुढचा एक पाय डोळ्यांवर आडवा घेतलेला. त्याच्या पोटाखाली ओलावा होता, कुणी तरी नुकतंच पाणी मारलं होतं.

"आप्पा," आमचे हे एकदम म्हणाले.

मला वाटलं काही झालं. पण दिरांनीही तेच बघितलं होतं. ते जाळीला तोंड लावून बघत म्हणाले, "दुपारी जेवून असंच झोपायचं. हात डोळ्यांवर घेऊन. असाच घोरत आसंल बघ हा."

"माग थांबला की आपल्याला कळायचं. आता आप्पा झोपले, आता बाहेर पळायचं."

"आणि खटखट सुरू झाली की परत येऊन अभ्यासाला बसायचं."

दोघं हसले. ते नवं जोडपं वाघाऐवजी ह्या दोन म्हाताऱ्यांकडं बघू लागलं. हसू ओसरलं. मग दीर म्हणाले, "लाकूड कुणाला विकलंस रं त्या वेळी?"

मी आक्कांकडं बघितलं. आक्कांनी माझ्याकडं.

"शहापुरातल्या वखारीला," हे म्हणाले. "पण सगळं न्हाय दिलं, अण्णा. धोटा आणि फणी ठेवलीय. वर माळ्यावर हाय. पुसून ठेवतोय अधनंमधनं."

हे खरं होतं. आडवा धागा इकडून तिकडं नेणारा धोटा आणि तो ठोकून बसवणारी फणी, दोन्ही तिथं आहेत. दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरचा तो एवढाच कोपरा ते मला करू देत नाहीत.

दीर वाघाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "येतो एकदा बघायला."

"या की. आजच चला."

"आज नको. आज काठी घेऊन किती हिंडणार? रविवारी येतो."

तेवढ्यात वाघानं डोळ्यांवरचा पाय काढला, जांभई दिली आणि कूस बदलली. नव्या लग्नाची मुलगी किंचाळली, ड्रायव्हर हसला, आणि आक्का मोठ्यानं म्हणाल्या, "आरं बाबा, झोप. आमी जातो."

बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून फाटकाबाहेर झाडाखाली डबे उघडले. आक्कांनी भाकरी आणल्या होत्या, मी वांग्याची भाजी आणि शेंगाची चटणी. ठरवलेलं नव्हतं. जुन्या सवयीनं वाटण्या झाल्या होत्या, सकाळच्या भाकरी त्यांच्याकडं, म्हणून मी भाकरीबरोबरचं कोरड्यास तेवढं केलं होतं. ह्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. घरी दोन खातात.

हायवेवर परतलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बसथांब्यावर खानापूरच्या रानातल्या बायका करवंदं विकायला बसल्या होत्या, पानांच्या द्रोणांतून. काळीभोर, वर पांढरी पूड असलेली. दिरांनी द्रोण घेतले. एक आमच्या हातात दिला आणि एक घेऊन ते आणि हे दगडी कठड्यावर बसले. मग मी जे ऐकलं ते मला खरं वाटेना. साठी ओलांडलेले माझे दीर करवंद मुठीत झाकून माझ्या नवऱ्याला विचारत होते, "कोंबडा का कोंबडी?"

लहानपणी सगळेच खेळतात हा खेळ. करवंद फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी.

"कोंबडी," हे म्हणाले.

दिरांनी दातांनी फोडलं. लाल.

"परत. कोंबडी."

परत लाल.

"अण्णा, तू बघून घ्यालास."

"आतलं कसं बघणार रं? तुझं नशीबच कोंबड्याचं हाय, मी काय करू?"

चिकानं दोघांचे ओठ चिकट आणि जांभळे झाले होते. आक्का कठड्याला टेकून उभ्या होत्या, करवंदांच्या बिया एकेक करून हातात जमवत. "ह्या लावते गच्चीवर," म्हणाल्या. मी म्हटलं, करवंदाची जाळी काटेरी असते, बादलीत कुठं येणार. त्या म्हणाल्या, "येईल न येईल. लावायला काय जातंय?"

लांबून बस दिसली. आम्ही हात केला. कंडक्टर दारातून "हत्तरी, हत्तरी" म्हणजे चढा, चढा असं ओरडत होता, आणि ते दोघं अजून कठड्यावर बसून शेवटच्या करवंदावर वाद घालत होते. आक्कांनी दिरांचा दंड धरला, मी ह्यांची पिशवी उचलली, आणि त्यांना अक्षरशः ओढत आम्ही बसमध्ये चढवलं.